एक ड्रोन, दोन चालक: उड्डाण आणि कॅमेरा यांची विभागणी कशी करावी

ड्रोनच्या रिमोटवर दोनच अंगठे चालतात, पण हलत्या दृश्याचे नीट चित्रण करायचे म्हटले की कामे त्याहून बरीच जास्त निघतात. यंत्राची उंची राखणे, त्याला पुढे-मागे आणि आडवे नेणे, नाक वळवणे, कॅमेऱ्याची मान सावकाश खाली-वर करणे, उजेड बदलला की एक्स्पोजर सांभाळणे आणि हे चालू असताना विजेच्या तारा, झाडे, घारी व खाली वावरणारी माणसे यांवर नजर ठेवणे, ही सगळी कामे एकाच माणसाच्या अंगावर पडली तर चित्रण तरी बिघडते किंवा ड्रोन तरी अडचणीत येतो. एकाने ड्रोन उडवावा आणि दुसऱ्याने कॅमेरा चालवावा, हा त्यावरचा जुना उपाय आहे. सोलापूरसारख्या ठिकाणी मित्रांनी किंवा काका-पुतण्यांनी मिळून एक ड्रोन घेतलेला असतो, तेव्हा दुसरा माणूस आपोआपच शेजारी उभा असतो. त्याला केवळ बघ्या न ठेवता कामाला कसे लावावे, हे येथे क्रमाने मांडले आहे.

आधी यॉचा निकाल लावावा

‘तू उडव, मी कॅमेरा बघतो’ एवढ्या बोलण्याने विभागणी होत नाही, कारण बहुतेक हौशी ड्रोनमध्ये कॅमेरा स्वतः डावी-उजवीकडे वळवता येत नाही. गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा मोटारींचा सांधा, तीन अक्षांवर स्थिर राहतो हे खरे असले तरी चालकाच्या हाती साधारणपणे फक्त टिल्ट, म्हणजे कॅमेऱ्याची मान खाली-वर करणे एवढेच असते. आडव्या दिशेतली गिंबलची हालचाल धक्के शोषण्यासाठी राखलेली असते. त्यामुळे चौकट डावीकडे न्यायची असेल तर संपूर्ण ड्रोनचे नाक डावीकडे वळवावे लागते, म्हणजेच यॉ द्यावा लागतो. यॉ ही अशी एक हालचाल आहे की जिच्यावर उडवणारा आणि कॅमेरावाला, दोघेही हक्क सांगतात.

यॉ सरळ कॅमेरावाल्याकडे सोपवावा असे वाटणे स्वाभाविक आहे, पण त्यात एक धोका दडलेला आहे. उडवणाऱ्याच्या उजव्या स्टिकचा अर्थ ड्रोनच्या नाकावरून ठरतो. समजा, ड्रोन तलावाच्या बांधाला समांतर पुढे चालला आहे आणि उडवणाऱ्याने स्टिक पुढे दाबून धरली आहे. अशा वेळी कॅमेरावाल्याने पाण्याकडचे दृश्य घेण्यासाठी नाक काटकोनात वळवले, तर ‘पुढे’ याचा अर्थ आता ‘पाण्यावर’ असा होतो आणि उडवणाऱ्याने काहीही बदल केलेला नसताना यंत्र भलत्याच दिशेने निघते. मोकळ्या माळावर हे खपून जाते, पण बाभळीच्या रांगेजवळ किंवा तारांजवळ खपत नाही.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग असा की यॉ उडवणाऱ्याकडेच ठेवावा आणि कॅमेरावाल्याने तो तोंडी मागावा. नव्याने सुरुवात करणाऱ्या जोडीने हाच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा मार्ग म्हणजे नाकाच्या दिशेशी संबंध न ठेवणारी उड्डाणपद्धत वापरणे. आर्डूपायलट या उड्डाण-नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या स्वतः जोडलेल्या ड्रोनमध्ये ‘सिंपल मोड’ असतो. त्यात मोटारी सुरू करताना नाक ज्या दिशेला होते तीच दिशा संपूर्ण उड्डाणभर ‘पुढे’ मानली जाते आणि नंतर नाक कुठेही वळले तरी स्टिकचा अर्थ बदलत नाही. डीजेआय या ड्रोन कंपनीच्या काही जुन्या मॉडेलांत ‘कोर्स लॉक’ या नावाने हीच सोय होती. अशा पद्धतीत यॉ कॅमेरावाल्याला देता येतो, मात्र तिची सगळी भिस्त होकायंत्रावर असल्याने लोखंडी पत्र्याच्या छपराजवळ किंवा गाडीच्या बॉनेटवरून उड्डाण सुरू करण्याचा मोह टाळावा. तिसरा मार्ग म्हणजे आडवा वळणारा कॅमेरा असलेले यंत्रच वापरणे. डीजेआय इन्स्पायर मालिका आणि युनिकचा टायफून एच ही त्याची परिचित उदाहरणे होत. त्यांत उड्डाणानंतर पाय वर उचलले जातात आणि खाली लटकलेला कॅमेरा चोहोबाजूंनी फिरू शकतो, त्यामुळे यॉचा तंटाच उरत नाही. खरी दोन माणसांची विभागणी याच प्रकारात साधते. बाकीच्या ड्रोनमध्ये ती थोडीफार तडजोडच असते.

जुने इन्स्पायर विकत घेण्याचा विचार असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर भारताने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घातली आहे. त्यामुळे वापरलेले यंत्र घेताना त्याच्या खरेदीची आणि नोंदणीची कागदपत्रे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कोणती जोडणी निवडावी

सर्वांत साधी जोडणी म्हणजे एकच रिमोट आणि दोन पडदे. उडवणाऱ्याच्या हातात रिमोट असतो आणि कॅमेरावाला वेगळ्या पडद्यावर तेच दृश्य पाहून सूचना देतो. काही पडदेवाल्या रिमोटना एचडीएमआय जोडणी असते, तिला लहान मॉनिटर लावता येतो. अॅनालॉग व्हिडिओ वापरणाऱ्या एफपीव्ही (ड्रोनच्या नजरेतून पाहत उडवायच्या) ड्रोनमध्ये तर काम आणखी सोपे आहे, कारण त्याच चॅनलवर लावलेला कोणताही रिसीव्हर किंवा गॉगल ते दृश्य पकडतो. मोबाइलचा पडदा बिनतारी पद्धतीने दुसऱ्या उपकरणावर दाखवला तर दृश्य थोडे उशिरा पोहोचते. चौकट कशी दिसते हे ठरवायला ते चालते, पण ‘आता थांब’ असे सांगायला चालत नाही. या जोडणीत कॅमेरावाल्याने उडवणाऱ्याच्या हातातल्या रिमोटला स्पर्श करू नये. शेजारून हात घालून चाकावरून टिल्ट बदलण्याची सवय अनेक जोड्यांना असते आणि ती वाईट आहे. त्या एका क्षणात उडवणाऱ्याचे लक्ष आणि अंगठा दोन्ही हलतात.

दुसरी जोडणी ट्रेनर केबलची असून ती ओपनटीएक्स किंवा एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओंसाठी, म्हणजे तशा रिमोटसाठी, आहे. शिकाऊ चालकासाठी बनवलेली ही सोय कॅमेऱ्यासाठीही उत्तम चालते आणि स्वतः ड्रोन जोडणाऱ्या विद्यार्थ्यांना ती कमी खर्चात परवडते. दोन्ही रेडिओ ३.५ मिलिमीटरच्या केबलने जोडावेत. उडवणाऱ्याच्या रेडिओत मॉडेलच्या सेटिंगमध्ये ट्रेनर पद्धत ‘मास्टर, जॅक’ ठेवावी आणि कॅमेरावाल्याच्या रेडिओत ‘स्लेव्ह, जॅक’ ठेवून त्याचे आरएफ मॉड्यूल (सिग्नल पाठवणारा भाग) बंद करावे, म्हणजे ड्रोनशी एकच रेडिओ बोलतो आणि दोन सिग्नलांचा गोंधळ होत नाही. केबलमधून येणारे चॅनल, म्हणजे एकेका हालचालीचे सिग्नल, उडवणाऱ्याच्या रेडिओत टीआर१, टीआर२ अशा नावांनी दिसतात. मिक्सच्या, म्हणजे कोणता चॅनल कशावरून चालेल हे ठरवणाऱ्या, पानावर गिंबलच्या टिल्टसाठी राखलेल्या चॅनलचा स्रोत म्हणून टीआर१ आणि पॅनच्या (कॅमेरा आडवा फिरवण्याच्या) चॅनलचा स्रोत म्हणून टीआर२ निवडला की उड्डाणाचे चारही चॅनल पहिल्याच रेडिओकडे राहतात आणि कॅमेऱ्याचे तेवढे दुसऱ्याकडे जातात. आर्डूपायलटमध्ये गिंबलच्या पिचसाठी (म्हणजे टिल्टसाठी) संबंधित चॅनलच्या ऑप्शनमध्ये २१३ आणि गिंबलच्या यॉसाठी (म्हणजे पॅनसाठी) २१४ हा आकडा भरावा लागतो.

याच जोडणीत ड्रोनचा यॉ तात्पुरता देण्याचीही सोय आहे. स्पेशल फंक्शनच्या पानावर एका बटनाला ‘ट्रेनर’ हे काम द्यावे, त्यात सर्व स्टिकऐवजी फक्त रडर (यॉची स्टिक) निवडावे आणि बटन असे घ्यावे की दाबून धरले तरच चालू राहील. उडवणाऱ्याने बोट काढले की यॉ त्याच्याकडे परत येतो. स्वतःच्या जागी अडकून राहणारे बटन येथे कधीही वापरू नये, कारण अडचणीच्या क्षणी ते कोणत्या बाजूला आहे हे आठवत बसावे लागते.

तिसरी जोडणी दोन रिमोटची, म्हणजे इन्स्पायर किंवा टायफून एचसारख्या यंत्रांची आहे. आधी ड्रोन, दोन्ही रिमोट आणि दोन्ही अॅप यांचे फर्मवेअर परस्परांशी जुळणारे आहे याची घरी, वायफायवर खात्री करावी. शेतात मोबाइलच्या डेटावर अपडेट उतरवत बसण्यात निम्मी सकाळ जाते. मुख्य रिमोट आधी जोडावा, मग दुय्यम रिमोट जोडावा आणि त्यानंतर गिंबलचा ताबा कोणाकडे आहे हे पडद्यावर पाहावे. इन्स्पायरमध्ये गिंबल ‘फॉलो’ पद्धतीत असेल तर कॅमेरा ड्रोनच्या नाकाबरोबर फिरतो आणि ‘फ्री’ पद्धतीत असेल तर नाक वळले तरी कॅमेरा आपली दिशा सोडत नाही. दोन माणसांच्या कामाला ‘फ्री’ पद्धतच योग्य होय. इन्स्पायर २ मध्ये उडवणाऱ्यासाठी समोर वेगळा लहान कॅमेरा आहे. इन्स्पायर १ मध्ये तो नसल्याने दोघांना मुख्य कॅमेऱ्याचेच दृश्य मिळते आणि कॅमेरा मागे वळलेला असताना उडवणाऱ्याला पडद्याचा काहीही उपयोग होत नाही. त्याने आकाशातल्या यंत्राकडेच पाहायला हवे.

ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. ड्रोनमध्ये आधी आखलेल्या बिंदूंवरून जाण्याची किंवा एखाद्या जागेभोवती फिरण्याची स्वयंचलित सोय असेल, तर उडवण्याचे काम यंत्राकडे सोपवून माणसाने कॅमेरा सांभाळावा. तरीही दुसरा माणूस लागतोच, कारण यंत्राला तारा दिसतीलच याची खात्री नसते.

पाती काढून टेबलावर तपासणी

जोडणी कोणतीही असो, ती पहिल्यांदा घरात, प्रोपेलर काढून तपासावी. एका वहीत दोन रकाने आखून प्रत्येक नियंत्रणापुढे त्याचा धनी लिहावा. थ्रॉटल (वर-खाली), पिच (पुढे-मागे), रोल (आडवे सरकणे), उड्डाणाची पद्धत बदलण्याचे बटन, घरी परत आणण्याचे बटन आणि मोटारी तातडीने बंद करण्याची सोय ही सर्व उडवणाऱ्याचीच असावीत. त्यांत वाटाघाट नाही. टिल्ट, पॅन, चित्रीकरणाचे बटन, एक्स्पोजर, फोकस आणि झूम कॅमेरावाल्याकडे द्यावेत. यॉबाबतचा निर्णय वर सांगितल्याप्रमाणे घेऊन तो स्पष्ट शब्दांत लिहावा.

मग एकाने एकेक स्टिक हलवावी आणि दुसऱ्याने पडद्यावर व गिंबलवर परिणाम पाहावा. कॅमेरावाल्याची कोणतीही स्टिक उड्डाणाच्या चॅनलला हलवत नाही, हे चॅनल दाखवणाऱ्या पानावर डोळ्यांनी पाहावे. त्यानंतर मुद्दाम खोड्या कराव्यात. केबल उपटून पाहावी, दुय्यम रिमोट बंद करून पाहावा, कॅमेरावाल्याचे अॅप मध्येच बंद करावे. अशा प्रत्येक वेळी उड्डाणाचे नियंत्रण अबाधित राहते का आणि गिंबल कोणत्या स्थितीला जातो, हे टिपून ठेवावे. केबल निघाल्यावर कॅमेरा झटकन समोर बघू लागत असेल तर चित्र बिघडेल, एवढेच. पण ड्रोनचे नाक वळत असेल तर ती जोडणी उड्डाणास योग्य नाही, असे समजून मिक्स पुन्हा तपासावेत.

जागा आणि नियम

२५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो आणि त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो गणला जातो. नॅनो ड्रोनसाठी तसेच बिगर-व्यावसायिक कामाकरिता उडवलेल्या मायक्रो ड्रोनसाठी रिमोट पायलट प्रमाणपत्राची सक्ती नाही. लग्नाचे चित्रण पैसे घेऊन करणाऱ्याने स्वतःला हौशी म्हणवून ही सवलत घेऊ नये. नोंदणीची सद्यस्थिती आणि हवाई नकाशा सरकारी संकेतस्थळावर उड्डाणाच्या दिवशीच पाहावा, कारण क्षेत्रांत बदल होत असतात. नियमभंगास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन माणसे मिळून उडवत असली तरी नियमांच्या दृष्टीने चालक एकच असतो, आणि ज्याच्या हातात उड्डाणाच्या स्टिक आहेत तोच तो होय, असे दोघांनी आधीच मान्य करून ठेवावे.

सोलापूरकरांनी विमानतळाचा विचार नव्याने करायला हवा. होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून २०२५ पासून पुन्हा नियमित प्रवासी विमाने उडू लागली आहेत, त्यामुळे ‘तिथे कुठे विमान येते’ हे जुने उत्तर आता चालणार नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय फक्त ६० मीटर उंचीपर्यंत उडवता येते. ८ किलोमीटरच्या आतला भाग हिरव्या, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या, क्षेत्रात मोडत नाही. शहराचा बराच भाग या आतल्या वर्तुळात येतो, म्हणून सिद्धेश्वर तलाव किंवा भुईकोट किल्ला यांवरून सहज एक फेरी मारू, असा विचार करू नये. किल्ला संरक्षित स्मारक असल्याने तेथे वेगळी परवानगीही लागते. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीवर ड्रोन नेण्याचा मोह अनेकांना होतो, पण गर्दीच्या डोक्यावरून हौशी ड्रोन उडवणे हे कोणत्याही विभागणीने सुरक्षित होत नाही. संक्रांतीच्या आसपास आकाशात पतंगाचा मांजाही असतो. नान्नजचे माळढोक अभयारण्य तर पूर्णपणे टाळावे.

सरावासाठी शहराबाहेरचे मोकळे माळरान किंवा कापणी झालेले ज्वारीचे स्वतःचे, नाहीतर परवानगी घेतलेले रान उत्तम. ब्रिटिश काळात अदिला नदीवर बांधलेला हिप्परग्याचा एकरुख तलाव उत्तरेला, तुळजापूर रस्त्याच्या बाजूला आहे; तेथे जायचे ठरल्यास ६० मीटरची मर्यादा गृहीत धरूनच दृश्य आखावे, नकाशा पाहावा आणि हिवाळ्यात पाण्यावर उतरलेल्या पाहुण्या पक्ष्यांपासून दूर राहावे. काळ्या मातीच्या रानात उड्डाण करताना बारीक धूळ गिंबलच्या मोटारीत जाते, म्हणून खाली जड रबरी मॅट टाकावी. हाताशी असते म्हणून सोलापुरी चादर अंथरणारे भेटतात, पण पात्यांच्या झोताने तिचा कोपरा उचलला जातो आणि पात्यांतच येतो.

उभे कुठे राहावे

उडवणाऱ्याने सूर्य पाठीशी घेऊन, ड्रोन सतत डोळ्यांनी दिसेल अशा जागी उभे राहावे. कॅमेरावाल्याने त्याच्या शेजारी, एक-दोन हात अंतरावर, पडद्यावर सावली येईल असे उभे राहावे. उन्हात पडदा दिसत नाही आणि तो पाहण्यासाठी माणूस नकळत झाडाखाली सरकतो, मग ओरडून बोलावे लागते. दोघांचीही नजर पडद्यावर असणे ही या पद्धतीतली सर्वांत मोठी चूक आहे. उडवणारा आकाशाकडे आणि कॅमेरावाला पडद्याकडे पाहील, हा नियम काटेकोरपणे पाळावा. उडवणाऱ्याने उंची व बॅटरी पाहण्यापुरती नजर खाली आणली तर चालते. तिसरा माणूस मिळाला तर त्याला दोघांकडे पाठ करून उभे करावे, म्हणजे बांधावरून येणारे गुराखी, कुत्री आणि कुतूहलाने जवळ येणारी मुले त्याला आधी दिसतील. शेवटचे काम हलके समजू नये. ड्रोन उतरताना मुले त्याच्याकडेच धावतात.

बोलायचे शब्द आधी ठरवावेत

‘डावीकडे घे’ या सूचनेचे किमान तीन अर्थ होतात: ड्रोन डावीकडे सरकव, त्याचे नाक डावीकडे वळव, किंवा कॅमेरा डावीकडे फिरव. म्हणून ‘सरक’, ‘नाक’ आणि ‘पॅन’ हे तीन शब्द तीन हालचालींसाठी पक्के करून ‘सरक डावे’, ‘नाक उजवे’ असे दोनच शब्द बोलावेत. उंचीसाठी ‘वर’ आणि ‘खाली’, तर टिल्टसाठी ‘मान वर’ आणि ‘मान खाली’ हे शब्द पुरतात. असे तुटक बोलण्याचा आणखी एक फायदा आहे. काका उडवत असतील आणि पुतण्या कॅमेऱ्यावर असेल तर त्याला ‘थांबा काका, तिकडे नको’ असे आदराने म्हणता म्हणता उशीर होतो. आदर-अनादराचा प्रश्नच न येणारे शब्द आधी ठरलेले असले की धाकट्यालाही मोठ्याने आणि वेळेवर सांगता येते.

कॅमेरा स्वतंत्रपणे फिरत असेल तर पडद्यावरचे डावे आणि ड्रोनचे डावे वेगळे असते, तिथे डावे-उजवे हे शब्दच सोडावेत. उड्डाणापूर्वी चार खुणा ठरवाव्यात, जसे बांध, विहीर, रस्ता, देऊळ, आणि ‘सरक विहिरीकडे’ असे म्हणावे.

ताबा देताना-घेताना माणसे घेऊन जाणाऱ्या विमानांच्या प्रशिक्षणात जी पद्धत असते तीच वापरावी: देणारा म्हणतो, घेणारा ते पुन्हा उच्चारतो आणि देणारा दुजोरा देतो. ‘यॉ तुझ्याकडे’, ‘यॉ माझ्याकडे’, ‘दिला’ ही तीन वाक्ये झाल्याशिवाय बटन दाबू नये. याला एकच अपवाद आहे. उडवणारा ‘माझे’ असे एकदा मोठ्याने म्हणाला की सर्व नियंत्रण त्याचे, कॅमेरावाल्याने तत्काळ स्टिक सोडायची आणि का, कशाला हे ड्रोन जमिनीवर आल्यावर विचारायचे.

सराव

पहिला सराव जागच्या जागी करावा. ड्रोन पंधरा-वीस मीटर उंचीवर स्थिर ठेवून कॅमेरावाल्याने फक्त टिल्ट करावा: क्षितिजापासून पायाखालच्या रानापर्यंत, एका लयीत, सुरुवात व शेवट दोन्ही मऊ. येथेच गिंबलचा वेग कमी करण्याचे आणि हालचाल गुळगुळीत करण्याचे सेटिंग ठरवून टाकावे. या काळात उडवणाऱ्याने काहीच न करण्याचा सराव करायचा असतो आणि तो वाटतो तितका सोपा नसतो.

दुसऱ्या सरावात ड्रोन सरळ रेषेत एका झाडावरून न्यावा आणि झाड सतत चौकटीच्या मध्यावर ठेवावे. ड्रोन जवळ येतो तसा टिल्टचा वेग वाढवावा लागतो, झाडाच्या बरोबर वर तो सर्वाधिक असतो. कॅमेरावाल्याचा अंगठा उडवणाऱ्याच्या वेगावर अवलंबून असल्याने उडवणाऱ्याने वेग एकसारखा ठेवणे हीच त्याची मुख्य मदत होय. साधा टिल्टवाला कॅमेरा झाडाच्या पलीकडे मागे पाहू शकत नाही, म्हणून त्या यंत्रावर हा सराव झाडाच्या माथ्यावरच संपवावा.

तिसरा सराव प्रदक्षिणेचा आणि तोच खरी परीक्षा घेणारा आहे. यात रोल आणि यॉ यांचे प्रमाण सतत जुळावे लागते. यॉ उडवणाऱ्याकडे असेल तर कॅमेरावाल्याने फक्त ‘नाक उजवे, थोडे’ असे सांगत राहावे आणि टिल्टने उंची जुळवावी. सिंपल मोडमध्ये यॉ कॅमेरावाल्याकडे दिला असेल तर उडवणाऱ्याने ड्रोनचे नाक पूर्णपणे विसरून जमिनीवरचे वर्तुळ डोळ्यांसमोर ठेवायचे. सुरुवातीला वर्तुळाचा अंडाकार होतो. झाडापासूनचे अंतर दुप्पट घेतले की चुका कमी दिसतात आणि दोघांनाही विचार करायला वेळ मिळतो.

शेवटी बिघाडाचा सराव करावा. कॅमेरावाल्याने अचानक ‘दृश्य गेले’ म्हणावे, उडवणाऱ्याने ड्रोन थांबवून, थोडा वर घेऊन, पडद्याशिवाय परत आणावा. ज्या जोडीला हे सहज जमते तिनेच पाण्यावर जावे.

प्रत्यक्ष चित्रण

समजा, तलावाच्या बांधामागून वर येत पाणी उघडे करायचे आहे. जमिनीवर असतानाच उडवणाऱ्याने मार्ग चालून पाहावा आणि कॅमेरावाल्याने चौकटीची सुरुवात व शेवट सांगावा. एक्स्पोजर हाताने बांधून ठेवावे, कारण काळ्या मातीवरून चमकत्या पाण्यावर येताच स्वयंचलित कॅमेरा उजेड एकदम खाली खेचतो आणि ते दृश्यात ठळक दिसते. पाण्याचा उजेड प्रमाण मानून माती थोडी काळी राहू द्यावी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवे चौकटीत येणार असतील तर त्यांची लुकलुक टाळण्यासाठी सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम निवडावेत. २५ फ्रेमला शटर १/५० ठेवायचे म्हटल्यास दिवसाच्या उन्हात एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लागतोच, आणि तो उड्डाणाआधी बसवावा लागत असल्याने हा निर्णयही जमिनीवरचाच आहे.

मग क्रम असा ठेवावा: कॅमेरावाला चित्रीकरण सुरू करून ‘चालू’ म्हणतो, उडवणारा दोन-तीन क्षण स्थिर राहून ‘निघतो’ म्हणतो, वर चढताना कॅमेरा पायाखालच्या मातीवर असतो आणि ड्रोन बांधाच्या माथ्याच्या वर आल्यावर कॅमेरावाला मान सावकाश वर करतो. शेवटी दोघेही स्थिर, मग ‘बंद’. एकाच वेळी दोघांनी वेग बदलू नये. एकाची हालचाल बदलत असताना दुसऱ्याची एकसारखी राहिली की दृश्य सुरेख दिसते. दुसरा प्रयत्न करायचा की नाही, हे उडवणाऱ्याने बॅटरी पाहून ठरवावे. बॅटरी तिसऱ्या हिश्श्यावर आली की परत फिरावे, मग समोर सूर्यास्त कितीही रंगलेला असो.

ऊन, वारा आणि बॅटरी

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर सहज जातो, तर अनेक हौशी ड्रोनची चालवण्याची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सिअस असते आणि काही मोबाइल ३५ अंशांपुढे वापरू नयेत, असे त्यांचे उत्पादकच सांगतात. दोन पडदे असले की गरम होऊन बंद पडणारी उपकरणेही दोन होतात. म्हणून या दिवसांत सूर्योदयानंतरचा पहिला तास-दीड तासच वापरावा, बॅटऱ्या गाडीत न ठेवता सावलीत कापडी पिशवीत ठेवाव्यात आणि उतरलेली गरम बॅटरी थंड झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. नांगरलेल्या रानावर दुपारी वावटळी उठतात आणि त्या हलक्या ड्रोनला क्षणात उचलून नेतात.

उतरताना कॅमेरावाल्याने गिंबल समोर सरळ करून स्टिक सोडून द्यावी आणि ‘कॅमेरा मोकळा’ असे सांगावे, कारण लोंबता कॅमेरा मान खाली घातलेल्या स्थितीत जमिनीला घासू शकतो. मोटारी थांबल्याचे उडवणाऱ्याने सांगितल्यावरच कोणी जवळ जावे, आणि आधी ड्रोन बंद करून मग रिमोट बंद करावेत. घरी आल्यावर चित्रण दोघांनी एकत्र पाहावे आणि जिथे चौकट अडखळली तिथे तेव्हा कोण काय बोलले होते हे आठवून वहीतल्या रकान्यांत दुरुस्ती करावी. पुढचे काही दिवस उड्डाण होणार नसेल, तर लिपो बॅटऱ्या प्रत्येक सेलमागे सुमारे ३.८ व्होल्टवर आणून ठेवाव्यात.